दोन कॅमेरे आणि ताईची खूण

६ जानेवारी

ताई,

मायन्यात काय लिहावं यावर दोन कागद वाया घालवले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू नाक मुरडणार, नुसतं ‘ताई’ लिहिलं तर मी रागात आहे असं वाटणार. रागात नाहीये. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू घाबरू नयेस म्हणून आधीच सांगतो, घरात सगळे ठणठणीत आहेत. काम वेगळंच आहे. मी नवा कॅमेरा घेतलाय.

हसू नकोस. जुना तुला आठवत असेलच. खिशात मावणारा, बॅटरीचं झाकण पडू नये म्हणून रबरबँड लावलेला. नवा मोठा आहे, काळा, भिंग बदलता येणारा. हातात घेतला की काहीतरी जबाबदारीचं काम करतोय असं वाटतं. घरात आल्यापासून ही त्याला ‘पाहुणे’ म्हणते. “पाहुण्यांना सोफ्यावर बसवलंय, तुम्ही स्टुलावर बसा.”

तर प्रश्न असा. आपल्या गल्लीतला शिंपी म्हणतो, कॅमेरा कुठलाही चालतो, बघणाऱ्याला नजर हवी. कॅमेऱ्याच्या दुकानातला विक्रेता म्हणाला, साहेब, एकदा हा वापरलात की जुना हातात धरवणार नाही. दोघंही इतक्या खात्रीने बोलतात की मला दोघांचंही खरं वाटत नाही. माझा वजनकाटे तपासायचा धंदा तुला ठाऊक आहे. दुकानदार म्हणतो माझा काटा चोख आहे, गिऱ्हाईक म्हणतं लबाड आहे. मी कुणाशीच वाद घालत नाही. पेटीतून प्रमाण वजन काढतो आणि पारड्यात ठेवतो. पुढचं वजनच बोलतं.

फोटोचं प्रमाण वजन कुठून आणायचं, यात महिनाभर डोकं खाजवलं. मग तू आठवलीस. खोटं कशाला बोलू, आठवायला मी तुला विसरलो कधी होतो? तीस वर्षं स्टुडिओत बसून तू लोकांच्या फोटोंवरचे डाग आणि ओरखडे बारीक ब्रशने झाकलेस. फोटोत काय आहे आणि काय नाही, हे तुझ्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही.

सोबत बारा फोटो आहेत. सहा जोड्या. प्रत्येक जोडीत एकच दृश्य, एकदा जुन्याने टिपलेलं, एकदा नव्याने. दोन्ही स्टँडवरून, एकाच दुकानात छापलेले, एकाच मापाला कापलेले. मागे पेन्सिलने फक्त आकडा आहे. कुठला आकडा कुठल्या कॅमेऱ्याचा, ती यादी बंद पाकिटात हिच्या कपाटात आहे. मी चोरून बघीन म्हणून किल्ली तिने स्वतःकडे ठेवलीय.

तू एवढंच कर. प्रत्येक जोडीतला जो बरा वाटेल त्याच्यामागे बरोबरची खूण कर आणि सोबतच्या पाकिटात घालून परत पाठव. पत्ता मी लिहून ठेवलाय. काही लिहायची गरज नाही. लिहू नकोस असंही म्हणत नाही.

त्या दिवशी जिन्यात आपण जे बोललो, त्याचा या पत्राशी संबंध नाही.

बारक्या


२ फेब्रुवारी

ताई,

पाकीट आलं! मी कारखान्यात होतो. हिने फोन करून सांगितलं, “तुमचा निकाल आलाय.” एका किराणा दुकानाचा काटा उघडून बसलो होतो, तो तसाच झाकून घरी आलो. आजवर असं कधी केलं नव्हतं.

तू एक अक्षर लिहिलं नाहीस. सहा खुणा, बस्स. पण ती खूण मी शंभरात ओळखली असती. शेवटचं टोक वर उडवायची तुझी सवय अजून तशीच आहे. लहानपणी माझ्या गणिताच्या वहीत बाईंच्या आधी तू खुणा करायचीस आणि मी मार खायचो.

आता निकाल. यादी उघडली. तीन जुन्याला, तीन नव्याला.

मी कपाळाला हात लावला. ही इतकी हसली की तिला ठसका लागला. बेकरीची काच, जिना आणि कारखान्यातली काट्यांची रांग, यांत तू नवा निवडलास. शिंपी, न्हावी आणि शेंगा सोलणारी ही, यांत जुना. म्हणजे वस्तूंना नवा आणि माणसांना जुना? मी न्हाव्याचे दोन्ही फोटो घेऊन त्याच्याकडेच गेलो. नव्या फोटोत त्याच्या कानातले केससुद्धा मोजता येतात. तो बघून म्हणाला, “हा म्हातारा कोण बसवलाय माझ्या दुकानात?” आणि जुना फोटो आरशाला चिकटवून मोकळा झाला.

रात्रभर विचार केल्यावर चूक सापडली, आणि लाज वाटली. प्रत्येक वेळी मी आधी जुन्याने फोटो काढला, मग स्टँडवरचा कॅमेरा बदलून नव्याने. बदलायला पाच मिनिटं जायची. तोवर शिंप्याचा चेहरा ताठ व्हायचा, हिची शेंगांवरची बोटं थांबायची. बेकरीच्या काचेला कंटाळा येत नाही, माणसाला येतो. तू कॅमेरा नाही निवडलास, कंटाळण्याआधीचं माणूस निवडलंस. काटा तपासताना आधी तो शून्यावर आहे का बघायचं, हे मी शिकाऊ पोरांना रोज सांगतो आणि स्वतः विसरलो.

आणखी एक. हिच्या फोटोमागे तू पेन्सिलने एक बारीक उभी रेघ मारलीयस, उजव्या कडेपासून दोन बोटांवर. मी तेवढा भाग कापून पाहिला. दाराची मूठ गेली आणि फोटो एकदम शांत झाला. हे तू खेळात ठरलं नसताना केलंस. मी ती रेघ हिला तीनदा दाखवली. ती म्हणाली, “अहो, त्यांनी कशावर खूण केली हे महत्त्वाचं, की खूण केली हे?” मी म्हटलं, मला दोन्ही जाणून घ्यायचंय.

दुसरी फेरी पाठवतोय. या वेळी क्रम आलटून पालटून ठेवलाय. आणि उजेड मुद्दाम कमी. गोदाम, तळघरातलं वाहनतळ, पडदे ओढलेली खोली. स्टँड वापरलेला नाही, दोन्ही कॅमेरे हातात धरून. माणसं चालतीबोलती.

बारक्या


१ मार्च

ताई,

तू तीन शब्द लिहिलेस. ‘स्टँड होता का?’ चौथ्या जोडीतल्या जुन्या फोटोमागे. मी तर आधीच पत्रात लिहिलं होतं, स्टँड वापरलेला नाही. म्हणजे तू माझी पत्रं न वाचता फोटोच बघतेस की काय? असो. नव्हता. तरी तुझ्या तोंडून स्टँड होता का असं निघावं, याचा मला किती आनंद झाला ते लिहीत नाही, तुझ्या डोक्यात हवा जाईल.

निकाल एकतर्फी लागला. सहापैकी पाच नव्याला. अंधार असला आणि समोरचं माणूस हलतं असलं की जुना हात टेकतो. चेहऱ्यांची खीर होते. नवा मात्र तळघरात गाडी पुसणाऱ्याच्या बादलीतलं उडालेलं पाणीसुद्धा थेंब थेंब धरतो. विक्रेत्याचं निम्मं खरं होतं, शिंप्याचंही निम्मं खरं. भरपूर उजेडात, बसल्या जागी, नजर पुरते. अंधारात यंत्र लागतं.

हा निकाल बघून मला केवढं हायसं वाटलं! आणि हायसं का वाटलं, हे तुला कळल्याशिवाय राहणार नाही. म्हणून मीच सांगतो. पहिल्या पत्रात लिहिलं ना, की जिन्यातल्या बोलण्याशी याचा संबंध नाही. ती थाप होती.

त्या दुपारी बाबांच्या खोलीत पडदे ओढलेले होते, उजेड त्यांच्या डोळ्यांना खुपायचा म्हणून. तू पलंगाच्या कडेला बसून त्यांचा हात हातात धरला होतास. मी दाराजवळच्या कपाटाला टेकून उभा होतो, तोंडासमोर कॅमेरा. तू म्हणालीस, “ठेव तो आणि इकडे ये.” मी आलो नाही. एकदा कळ दाबली. बाबा कण्हल्यासारखे झाले, तू माझ्याकडे असं बघितलंस की मी बाहेरच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले, तेव्हा मी कारखान्यात होतो.

आठवड्याने तू जिन्यात मला थांबवून फोटो मागितलास. मी म्हणालो, आलाच नाही, कॅमेराच भिकार आहे, चांगला असता तर आला असता. तू म्हणालीस, “मग तू तिथे उभा राहून करत काय होतास?”

 सहा वर्षं मी एकच घोकत राहिलो, कॅमेरा चांगला असता तर. आता तूच पाच खुणा करून सांगितलंस की अंधारात कॅमेऱ्याने फरक पडतो.

पण एक जोडी उरली. चौथी. पडदे ओढलेल्या खोलीतली. तिथे तू जुन्यावर खूण केलीस आणि स्टँडचं विचारलंस. तेवढी एक जोडी हिशेबात बसत नाही.

बारक्या


१९ मार्च

ताई,

राहवलं नाही. तपासून पाहिलं.

बाबांच्या खोलीत आता हिचं शिलाई मशीन असतं. रविवारी ते सरकवून पलंग होता तिथे आणला. तेच पडदे ओढले. दुपारचे चार वाजायची वाट बघितली. हिला म्हटलं, बाबांच्या जागी आडवी हो. ती म्हणाली, “तुमच्या फोटोपायी आता मला आजारी पाडा.” पण झाली. तुझ्या जागी खुर्ची ठेवली. मी त्याच कपाटाला पाठ टेकली, हिला बजावलं की अजिबात हलू नकोस, आणि जुन्या कॅमेऱ्याने, रबरबँडसकट, हातात धरून दहा फोटो काढले.

दहापैकी नऊ स्पष्ट आले. उशीचे टाके दिसतात. हिच्या चेहऱ्यावरचा वैताग दिसतो.

म्हणजे त्या खोलीत, त्या उजेडात, त्या कॅमेऱ्याने फोटो येतो. कॅमेरा भिकार नव्हता. माझा हात कापत होता. लोकांच्या काट्यांतली खोट काढत मी गावभर फिरतो, आणि स्वतःच्या हाताची खोट सहा वर्षं एका मुक्या यंत्राच्या माथी मारली.

हात का कापला, तेही लिहून टाकतो. मी घाबरलो होतो, ताई. बाबांचा हात हातात घेतला असता तर तो किती हलका झालाय ते मला कळलं असतं. वजनं उचलण्यात आयुष्य गेलं माझं, आणि ते एक वजन मला कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून कॅमेरा तोंडासमोर धरला. तू मला ‘इकडे ये’ म्हणालीस तेव्हा मला ऐकू आलं होतं.

आता शेवटचं खोटं. ‘फोटो आलाच नाही’ असं म्हणालो होतो ना. आला होता. छापूनही आणला होता. दुकानाच्या काउंटरवर पाकिटातून अर्धा बाहेर काढला, बाबांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा फराटा दिसला, तसाच आत ढकलला. तेव्हापासून तो प्रमाण वजनांच्या पेटीत, मखमलीच्या अस्तराखाली आहे. रोज ती पेटी उघडतो, अस्तर कधी उचललं नाही. तुला द्यायची हिंमत नव्हती. एवढी नजर असलेल्या बहिणीला बापाचा शेवटचा फोटो म्हणून फराटा काय द्यायचा!

सोबत पाठवतोय. पाकिटात घालतानाही उलटाच धरला. याला आकडा नाही, जोडी नाही. याच्यावर खूण करू नकोस. तुझा आहे, ठेव किंवा फाडून टाक.

बारक्या


७ एप्रिल

ताई,

पाकीट मिळालं का, एवढंच विचारायला लिहितोय. पोस्टमन मला टाळायला लागलाय. रोज जिन्यात गाठतो म्हणून.

कॅमेऱ्याचा विषय बंद केलाय. दोन्ही कपाटात शेजारी शेजारी ठेवलेत. काल हिने विचारलं, पाहुणे रागावले का? आणि चहा ठेवून गेली.

मी ते पत्र लिहायला नको होतं का? की सहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं? यातलं एक नक्की चूक आहे, कुठलं ते मला कळत नाही. तुला कळत असेल तर सांग. शिव्या दिल्यास तरी चालेल.

बारक्या


१३ एप्रिल

बारक्या,

शिव्या भेटल्यावर देईन. आधी तुझा काटा तपासते.

तुझी पत्रं मी वाचते. दोन-दोनदा वाचते. उत्तर लिहीत नव्हते कारण काय लिहिलं असतं तरी भांडणच झालं असतं, आणि तुझे फोटो येणं बंद झालं असतं. ते मला नको होतं. पाकीट यायच्या दिवशी मी खिडकीजवळचं टेबल पुसून ठेवायचे.

चौथ्या जोडीत स्टँडचं विचारलं ते उगाच नाही. तू स्टँड नव्हता म्हणून लिहिलंस, पण जुन्या फोटोत खोलीतली एकूणएक वस्तू जागच्या जागी घट्ट बसली होती. मला खरं वाटेना. म्हटलं, याचा हात एवढा स्थिर कधी झाला? मग आठवलं, तुझा हात स्थिरच असतो. घरात सुईत दोरा ओवायला आई तुलाच बोलवायची.

आता बाबांचा फोटो. तू तो बघितलेलाच नाहीस. मधला फराटा बघितलास आणि पळालास. मी तीन आठवडे बघतेय, भिंग लावून. फोटो मधून बघायचाच नसतो रे, कडेपासून बघायचा असतो. स्टुडिओत हेच पहिलं शिकवलं होतं मला.

पलंगाची लोखंडी कड बघ. रंगाचा उडालेला टवका दिसतो. उशाशी औषधाची बाटली आहे, तिच्यावरचं लेबल वाचता येतं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालीत. हात कापला की अख्खी खोली कापते, बारक्या. पलंग, बाटली, मी, सगळं. इथे खोली जागची हललेली नाही. तुझा हात कापला नव्हता. हलले ते बाबा.

आणि तुझी ती रविवारची परीक्षा! बायकोला बजावलंस, अजिबात हलू नकोस. अरे शहाण्या, बाबांना कुणी बजावलं होतं?

पुढचं लिहायला मला चार दिवस लागले. माझा हात बघ, चादरीवर. उताणा आहे आणि रिकामा आहे. बोटंसुद्धा स्पष्ट मोजता येतात. त्या हातात बाबांचा हात होता. तुझ्या कॅमेऱ्याचा आवाज व्हायच्या आधीच तो सुटला, मला कळलं होतं. मला वाटलं, त्यांना कळ आली. वाटलं, तू कॅमेरा रोखलास म्हणून ते दचकले, म्हणून कण्हले. मी तुझ्यावर ओरडले नाही एवढंच. सहा वर्षं मी तुझ्यावर धरलेला राग तो होता. फोटो हा नंतरचा बहाणा.

आता भिंगातून बघितलं. तो पांढरा पट्टा माझ्या हातापासून सुरू होतो. चादरीवरून वर जातो, आणि रुंद होत पुढे, तू टेकला होतास त्या कपाटाच्या दिशेला वळतो. त्यांच्या चेहऱ्याचा फराटाही तिकडेच ओढला गेलाय. ते दचकले असते तर माझ्याकडे आले असते किंवा मागे गेले असते. ते तुझ्याकडे वळत होते. तुला बोलवत होते बहुतेक, मी बोलवलं तसंच. ते कण्हणं नसेल. तुझं नाव असेल.

मला मत्सर वाटला, खरं सांगते. हात मी धरला होता. मग खूप रडले, मग बरं वाटलं.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर देते. कॅमेऱ्याने फरक पडतो. तो काळा पाहुणा त्या दिवशी असता तर बाबांचा हात हवेत थांबलेला मिळाला असता, नखांसकट, स्वच्छ. तो कुठून निघाला आणि कुणाकडे चालला होता, हे आपल्याला कधीच कळलं नसतं. म्हणून जुना चांगला, असं मी म्हणत नाही, तू लगेच यादी करायला बसशील. त्या एका फोटोपुरतं सांगतेय.

रविवारी येते. दुपारी चारच्या आत. दोन्ही कॅमेरे चार्ज करून ठेव, मला नवा हातात धरून बघायचाय, वजन किती आहे ते मला बघू दे. मशीन सरकवू नका, पलंग आणू नका. पडदे मात्र उघडे ठेव.

फोटो सोबत परत पाठवतेय. आता सुलटा धर, आणि कडेपासून बघ. बघून झालं की उलटव.

खूण करू नकोस म्हणाला होतास. मी केली आहे.

ताई